कोऱ्या कागदावरचे ठिपके

तेलेसियाने प्रिंटरमधला कागद फाडून घेतला. कागद कोरा होता. आत्ता तर हेच यंत्र ओळीमागून ओळ कडकडत होते.

बेटावरच्या हवामान कचेरीत त्या दुपारी ती एकटीच कामावर होती. बाकीची मंडळी आपापली छपरे दोरांनी आवळायला घरी पळाली होती. रेडिओ नुसता खरखरत होता. वादळाची खबर यायची ती या प्रिंटरवरच. त्याची शाईची फीत वाळून खडखडीत झालेली, आणि नवी आणणारी बोट कुठे अडकली होती देव जाणे.

समोरच्या बाकावर तिची भावजय मेले बसून होती. सकाळच्या खबरीत वादळ दूर जात होते, म्हणून तेलेसियाने भावाला होडी घेऊन फोनुआमोटु बेटावर धाडले होते, आपल्या लेकीच्या लग्नात द्यायच्या चटया आणायला. आमच्या टोंगात बहिणीचा शब्द भाऊ खाली पडू देत नाही.

"काहीच नाही आलं, वन्सं?" मेलेने विचारले. "मग बरंच म्हणायचं."

हो म्हणून मोकळे व्हावे, असे तेलेसियाला फार वाटले. पण तिचे बोट कागदावरून फिरले आणि तिथेच थबकले. यंत्राच्या बारीक सुया फितीवर आपटतात, ठिपक्याला ठिपका लागून अक्षर होते. शाई नसली म्हणून घाव थोडाच चुकतो? बोटाला खळगे लागत होते.

तिने पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासली. काळ्यात पांढरे ठिपके उगवत गेले. वादळ वळले होते. कुठे, ते पुढच्या ओळीत होते. ती ओळ वाचून झाली तरी तेलेसिया घासतच राहिली. तिला भयंकर भीती वाटत होती.

मेले उठून जवळ आली. तिला इंग्रजी येत नव्हते, पण फोनुआमोटु तिचे माहेर. तिने कागदावर उमटलेल्या त्या नावावर बोट ठेवले.

"एवढं मला वाचता येतं."

तेलेसियाने पेन्सिल टेबलावर ठेवली.

"सकाळी ते किनाऱ्यावरून परत आले होते," मेले हळू आवाजात म्हणाली. "आभाळाचा रंग बरा नाही म्हणाले. मी म्हटलं, मग नका जाऊ. तर म्हणाले, ताईला नाही कसं म्हणू?"

प्रिंटर पुन्हा कडकडू लागला. कोरा कागद वर सरकत होता. पेन्सिल दोघींच्या मध्ये टेबलावर पडली होती, आणि ती उचलायला तेलेसियाचा हात पुढे होईना.