खालच्या फळीवरची केळी

स्वप्नाली मांडवगण फराट्याची. केडगावजवळच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये लागून तिला वर्ष होत आलं होतं. काचेच्या बाटल्यांत वाढणारी केळीची रोपं सांभाळायची, हे तिचं काम. जोडीची नीलम लग्न करून गेल्यापासून त्या बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर ती एकटीच असे.

खालच्या फळीवरची रोपं इतरांपेक्षा उंच झाली, तेव्हा तिनं ती सुपरवायझर विक्रम सरांना हौसेनं दाखवली.

"ही वाढ न्हाई," सर म्हणाले. "इथली ट्यूब मंद झालीय. उजेड पुरंना म्हणून ताणलीत. बघ, कशी पिवळट आन् लेचीपेची हायेत. टाकून दे."

"नवी ट्यूब लावून बघू का, सर?"

"बघ. पण भरवसा न्हाई."

तिनं ट्यूब बदलली. रोज सकाळी आल्या आल्या ती आधी खाली वाकून बघायची. बरीचशी रोपं सावरली नाहीतच. चार-दोन बाटल्यांत मात्र आखूड, गर्द हिरवं पान फुटलं. सांगावं कुणाला? सर पुण्याला गेलेले. दुपारी बाहेर पायरीवर डबा उघडून तिनं आईला फोन लावला.

"जेवलीस का?"

"जेवतेय. आई, माझ्या केळींना पान फुटलं!" आणि ट्यूबपासून सगळं ती सांगत सुटली. मध्येच थबकली. "कळतंय का तुला?"

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली. "पर बोल तू. लई दिसांनी एवढं बोलतीयास."

स्वप्नालीनं डबा बाजूला सरकवला. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.