तांबूस होत गेलेलं समोरचं घर

समोरच्या घरातल्या कुमुद खरेबाईंच्या पत्राला आठल्येसरांनी तेवीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं, आणि तेवढ्या काळात मधली गल्ली अकरा मैल रुंद झाली होती.

खरेबाई शाळेत संस्कृत शिकवायच्या, सर भौतिकशास्त्र. समोर राहूनही बाईंनी पत्र टपालानं पाठवलं होतं, कारण समोरासमोर बोलायची वेळ आली की सर चपला शोधू लागत. पत्रात एकच प्रश्न होता. आकाशगंगा नुसत्या दूर जात नाहीत, दूर जाण्याचा त्यांचा वेगही वाढतोय म्हणे. मग त्यांना ढकलतं कोण? सोप्या मराठीत सांगाल का?

सरांनी सतरा पुस्तकं मागवून वाचली. हाती लागली ती एक शक्यता, आणि शक्यता लिहायला त्यांचा हात धजेना. उत्तरपत्रिकेत ‘बहुधा’ लिहिणाऱ्या मुलांचा अर्धा गुण त्यांनी तीस वर्षं कापला होता. ते मसुदा लिहीत आणि खोडत. प्रत्येक खाडाखोडीसरशी त्यांचं घर थोडं ताणलं जाई, समोरची गल्लीही. स्वयंपाकघर दोन फर्लांग मागे गेलं तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीनं, माईनं, सायकल घेतली. तेव्हा ती एकाहत्तरची होती. आता ती दोन्ही हातांत कपबशा धरून, हँडलला बोटही न लावता यायची.

दूर जाणाऱ्या आकाशगंगेचा उजेड तांबडा होत जातो, तसं खरेबाईंचं पांढरं घर आधी पिवळट दिसू लागलं, मग केशरी. या थंडीत ते तांबूस झालं.

मंगळवारी सकाळी पोस्टमन शेवाळे दारात आला.

“सर, समोरच्या घरचं टपाल आज शेवटचं.”

“का?”

“उद्यापासून पत्र जेवढं पुढे जाईल, त्याहून रस्ता जास्त वाढणार. मग ते जन्मात पोचायचं नाही. तीनला पेटी उघडतो मी.”

सर टेबलाशी बसले. घरातली हवा थिजली होती; पेन हलवायला जोर लागत होता. माई सायकलवरून उतरली आणि तिनं खोबरेल तेलाची बाटली खिडकीत उन्हाला ठेवली.

“काय अडलंय तुझं, निळू?”

“खात्री नाही गं. सगळ्या अवकाशात, चुंबकाभोवती असतं तसं, एक फार हलकं क्षेत्र भरलेलं असेल. उतारावर असून घसरत नाही, कारण अवकाशाचं फुगणंच त्याला धरून ठेवतं. आणि जागच्या जागी आहे तोवर तेच सगळं दूर ढकलतं. आता कुठे ते सुटायला लागलं असेल.”

“या तेलासारखं. थिजलं की बाटली उलटी केली तरी ढिम्म हलत नाही. ऊन लागलं की कडेनं सुटतं. लिही की मग.”

“पण हे सगळं ‘बहुधा’ आहे.”

“तिनं पेपर तपासायला दिलाय का तुला? तेवीस वर्षं ताटकळत ठेवलंस बाईला. काप स्वतःचा अर्धा गुण आणि हो मोकळा.”

सर हसले. इतक्या दिवसांनी हसले की आधी आवाजच फुटला नाही. मग त्यांनी लिहिलं, ‘बहुधा’, आणि पुढची वाक्यं आपसूक उतरत गेली. बाटलीतलं तेल काचेपासून सुटलं. हवाही सुटली. भिंती अजून लांबत होत्या, पण जेवण झालेल्या माणसासारख्या, आळसावून. शेवटी त्यांनी कुठल्याच मसुद्यात नसलेलं एक वाक्य घातलं: ‘तुमच्याकडे चहाला यावं असं तेव्हापासून मनात आहे.’ ते त्यांनी खोडलं नाही.

टपालपेटी फाटकाशीच होती, म्हणजे चार मैलांवर. माईनं त्यांना कॅरिअरवर बसवलं. व्हरांड्याच्या उतारावर तिनं पाय वर घेतले आणि दोघं लहानपणी ओरडायची तशी ओरडली.

शेवाळे किल्ली घेऊन उभा होता. “दोन मिनिटं आहेत, सर. तुमच्याच हातानं टाका.”

सरांनी पाकीट फटीत सरकवलं. ते खाली पडेना, म्हणून त्यांनी हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा पेटीला टेकला. खूप आत, गल्लीच्या पलीकडच्या टोकाला, कुणीतरी पाकीट त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतलं, आणि बोटं मात्र धरून ठेवली.