शिमग्याचे वाल

निकेश आठ वर्षांनी अमेरिकेहून आला, तो मला बघायला, असं मी आळीभर सांगितलं. तो आला होता दातांसाठी. तिकडे तीन दातांना जेवढे पैसे मागतात, तेवढ्यात इथे येऊन दातही होतात आणि वर प्रेशरच्या गोळ्यांची बेगमीही होते, असं त्यानेच जेवताना सांगितलं.

"बरं झालं दात पडले," मी म्हटलं. "नायतर घर कशाला आठवलं असतं?"

तो तोंडावर हात धरून हसला.

दसऱ्याच्या आधी पेणच्या डॉक्टरीणबाईने त्याच्या हिरडीत तीन स्क्रू बसवले. म्हणाली, "हाड धरायला पाच महिने जातील. शिमग्याला या, वर दात बसवू." मी बाकावर बसून ऐकत होते. वाटलं, हिला सांगावं, एकदम तीन कशाला, दर वर्षाला एकेक बसव गो.

अमेरिकेला परत निघताना निकेश म्हणाला, "आये, पोपटी खाऊन किती वर्षं झाली."

"या तोंडाने खाणार?"

"शिमग्याला नवे दात असतील ना."

पोपटी म्हणजे वालाच्या हिरव्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरायच्या, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पण ती थंडीतली. शिमग्यापर्यंत शेंगा वाळून खडखडतात. म्हणून सगळ्यांनी भातामागोमाग वाल पेरले तेव्हा मी थांबले. महिनाभर उशिरा, विहिरीजवळच्या तुकड्यात पेरले. आमच्याकडे वालाला कोणी पाणी देत नाही, तो जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर येतो. उशिराच्या वालाला ओल कुठली? मी कळशीने पाणी घालू लागले. शेजारची काशीबाई कुंपणाशी येऊन उभी राहायची.

"मावशे, वाल पाणी पितात ते आजच बघते."

"अमेरिकेच्या माणसासाठी हायत. लाड लागतात."

थंडीत आळीत पोपट्या लागल्या. मला बोलावणी आली. मी गेले नाही. म्हटलं, माझा निकेश आला की माझ्या अंगणात लावू, तेव्हा तुम्हीच या.

शिमग्याला आठ दिवस राहिले आणि फोन आला, तोंड दिसतं तो. निकेशने मोठा आ केला. तीन दात, पांढरे शुभ्र.

"मेक्सिकोत बसवले, आये. सकाळी गाडीने जायचं, संध्याकाळी घरी. दोन फेऱ्यांत झालं. गोळ्या पण तिथंच मिळतात. आता एवढ्या लांब यायला नको."

"छान दिसतात," मी म्हटलं. खरंच छान दिसत होते. हसताना तो आता हात धरत नव्हता.

"तू काय करत होतीस?"

"वालाला पाणी घालत होते."

"वालाला कोण पाणी घालतं?"

"म्हातारपण," मी म्हटलं. "विसरायला होतं."

दुसऱ्या सकाळी काशीबाई कुंपणाशी आलीच. "शेंगा भरल्या, मावशे. निकेश कधी येतो?"

"साहेब सोडीत नाय त्याला."

"मग तोडून घे. जून होतील."

"होऊ दे. बियाण्याला ठेवल्यात."

बियाण्याच्या शेंगा वेलावरच वाळाव्या लागतात, त्यांना पाणी चालत नाही. भरलेली कळशी मी तुळशीत ओतली आणि विहिरीच्या कठड्यावर उपडी ठेवली.