टोपावर बसवलेला थाळा

मित्रांनो, मी एक जुना पितळी थाळा आहे आणि माझं टाळकं फिरलेलं आहे. थाळ्याला टाळकं नसतं हे मला ठाऊक आहे. पण मी ज्या घरात आयुष्य काढलं तिथे चार दिवस राहून बघा, नसलेलं टाळकंही फिरतं.

माझा जन्म गोव्यातल्या डिचोलीचा. कासाराने मला ठोकून ठोकून एवढं रुंद केलं की बाजारात बायका मला परात समजून हात लावायच्या. तिथेच दत्तारामने मला पाहिलं. मूळचा सावंतवाडीकडचा हा माणूस, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि धारगळला हायवेच्या कडेला घर बांधून राहायचा. मला दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "ह्योच माका होयो." आणि मी ट्रकमधून धारगळला आलो.

ते दिवस चांगले होते. दत्ताराम दिवसभर लाल धुळीत ट्रक हाकून घरी यायचा, आंघोळ करायचा आणि माझ्यासमोर बसायचा. माझ्यात उकड्या भाताचा ढीग, त्यावर बांगड्याचं हुमण, कडेला लोणचं. तो शेवटचं शीतसुद्धा ठेवायचा नाही. शेजारी म्हणायचे, थाळा असावा तर असा. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? पावसाळा संपला की बेळगावकडचा कल्हईवाला दारात यायचा. आम्हा पितळेच्या भांड्यांची कल्हई गेली की आमच्यात आंबट घालता येत नाही, कळकतं. म्हणून दत्तारामची बायको जानकी सगळ्यांच्या आधी मलाच बाहेर काढायची.

ही जानकी नवऱ्याच्या मागून जेवायची, तेही माझ्यातच. नवऱ्याच्या ताटात जेवायचं, असं तिला तिच्या आईने शिकवलेलं. दत्ताराम हात धुवायला उठला की ती माझ्या एका कडेला आपला भात घ्यायची. मधली सगळी जागा मोकळी ठेवायची, जणू अजून कोणीतरी यायचं आहे. पण तेव्हा टोपात भात भरपूर असायचा. म्हणून मी गप्प राहिलो.

मग दत्तारामची नोकरी संपली. ट्रक सुटला, पण जेवण काही सुटलं नाही. काम नाही, घाम नाही, आणि भात मात्र तेवढाच. वर घरात वाद. कोकणी की मराठी, यावरून त्या दिवसांत अख्खा गोवा भांडत होता, तर आमचं घर मागे कसं राहील? मुलगा विजय वास्कोला बंदरात कामाला होता, तो रविवारी घरी यायचा. बाप मराठीच्या बाजूचा, मुलगा कोकणीच्या. दोघे भांडायचे मात्र एकाच बोलीत. भांडणाच्या भरात दत्तारामचा हात चालूच राहायचा आणि जानकी वाढतच राहायची. आपण काय खाल्लं, किती खाल्लं, त्याला पत्ता नसायचा. मला कपाळ असतं तर मी हात मारून घेतला असता. पण मला हातही नाहीत.

शेवटी व्हायचं ते झालं. दत्तारामला चक्कर आली, विजयने त्याला म्हापशाला डॉक्टरांकडे नेलं, आणि रक्तात साखर निघाली. येताना विजयने बाजारातून एक लहानसं स्टीलचं ताट आणलं.

"आये," तो जानकीला म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितल्यानी, भात निम्मो करा. ह्या थाळ्यात कितीय वाढलो तरी थोडोच दिसता. लहान ताटात थोडो वाढलो तरी ताट भरलेला दिसतला. आता बाबांका ह्या थाळ्यात वाढू नको."

डॉक्टर खोटं बोलले नव्हते, हे मी मान्य करतो. माझ्यात मोकळी जागा दिसली की वाढणाऱ्याचा हात आपसूक पुन्हा टोपाकडे जातो. पण डॉक्टरांना एक गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. माझ्यात दोन माणसं जेवत होती.

मला काढलं. काढलं म्हणजे काय केलं, तर भाताच्या टोपावर झाकण म्हणून पालथा घातला. एवढी वर्षं मान वर करून जो सगळ्यांना जेवताना बघत होता, त्याला आता नुसती वाफ. कल्हईचं तर नावच नको. झाकणाला कोण कल्हई करतं?

पण मित्रांनो, झाकण झाल्यामुळे मला टोपाचा तळ दिसायला लागला, आणि माझा जीव तिथेच चरफडायला लागला.

जानकीने डॉक्टरांचं ऐकलं आणि तांदूळच निम्मे घातले. दत्ताराम लहान ताटात जेवायला बसला. ताट छान भरलेलं दिसलं. त्याने ते संपवलं आणि पुढे केलं. "पोट भरूक नाय गो. वायच वाढ." जानकीने मला बाजूला सरकवून वाढलं. ते संपलं, पुन्हा ताट पुढे आलं. समोर ताट धरलेल्या माणसाला नाही म्हणायचं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी भातवाढी टोपाच्या बुडाला खरवडली. तो आवाज मी ऐकला, पण जेवणाऱ्याने ऐकला नाही.

मग ती चुलीशी बसून पेजेचं पाणी मीठ टाकून प्यायची आणि भांडी घासायला न्यायची.

साखर उतरेना. कशी उतरेल? पोटात जायचं तेवढं जातच होतं. विजय पुढच्या रविवारी आला, हैराण झाला. "एवढ्या लहान ताटात जेवतत, तरी साखर कशी उतरणा नाय?" जानकी घाबरली. तिला वाटलं, आपलंच माप चुकतंय. नवऱ्याच्या जिवापायी तिने तांदूळ आणखी कमी घातले. मी वरून ओरडत होतो, अरे, टोपात बघा. पण झाकणाचं कोण ऐकतं? त्या वर्षी गोव्याचं राज्य झालं, बापलेकांनी वाद विसरून पेढे वाटले. राज्याला काय मिळालं आणि काय नाही, दोघांना सगळं पाठ होतं. चार हातांवरच्या चुलीजवळ काय उरतंय, ते एकालाही माहीत नव्हतं.

जानकीच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. एकदा मी तिच्या हातातून सुटलो आणि चुलीच्या दगडावर आपटलो. ती तिथेच मटकन बसली, भिंतीला टेकून डोळे मिटून राहिली. बाहेरून दत्ताराम म्हणाला, "काय पडला गो?" ती म्हणाली, "काय नाय, झाकण." माझ्या कडेला पोचा आला तो तेव्हाचा. मला माझं दुखणं नव्हतं. ही बाई अशीच एक दिवस उठायची नाही, या विचाराने माझं पितळ थंड पडलं होतं.

त्यानंतर एका दुपारी जानकी विहिरीवर गेली होती. दत्तारामने ताट संपवलं, हाक मारली, उत्तर आलं नाही. म्हणून तो स्वतः उठला आणि रिकामं ताट घेऊन स्वयंपाकघरात आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला टोपावरून उचललं.

टोप रिकामा होता. बुडाला एक शीत नव्हतं.

जानकी घागर घेऊन दारात आली. दत्तारामने विचारलं, "भात खंय?"

"संपलो."

"मगे तू?"

"मी जेवलंय," ती म्हणाली.

दत्तारामने आपल्या हातातल्या ताटाकडे बघितलं.

"ताट तर माझ्या हातात आसा," तो हळूच म्हणाला. "तू जेवलंस कशात?"

जानकीने घागर खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. तिची पाठ हलत होती. दत्तारामने ताट खाली ठेवलं. मग म्हणाला, "तांदूळ खंय ठेवतंस, दाखय." त्याने स्वतः चूल पेटवली. भात थोडा जळला, ते सोडून द्या.

तो भात त्याने माझ्यात वाढला. जानकीला पाटावर बसवलं आणि स्वतः समोर बसला. तिने सवयीने थोडा भात आपल्या कडेला ओढला, मधली जागा मोकळी केली आणि कडेचा घास घेतला. तेवढंच खाऊन ती उठायला लागली. दत्तारामने बाकीचा भात तिच्याकडे सरकवला.

"तो पण तुझोच."

आता दोघे एकाच वेळी जेवतात. तो लहान ताटात, एकदाच वाढलेलं. ती माझ्यात. त्याची साखर उतरली, कारण आता आपल्या पोटाआधी तो टोपात डोकावतो.

म्हणून मित्रांनो, ताटं लहान करा, मोठी करा, तुमची मर्जी. पण आधी झाकण उचलून बघा, मागून जेवणाऱ्याला काय उरलंय. आणि आमच्यावर खापर फोडू नका. आम्ही कधी कुणाला वाढलेलं नाही.

माझं एकच मागणं आहे. कल्हईवाला दारात आला की मला आधी बाहेर काढा. जानकी आता माझ्यात जेवते, आणि तिला भातावर सोलकढी लागते.