पिंपावरची थंड रेघ

टोरलैवच्या कोटाच्या आतल्या खिशात जुन्या पंच्यात गुंडाळलेलं लाकडी कडं होतं. पणजोबांपासून घरच्या बिअरचं खमीर त्या कड्यावर वाळवून ठेवत आले होते. यंदा त्याच्या उजव्या खांद्याने दगा दिला आणि बिअरचा मोठा तांब्याचा हंडा उचलवेना, म्हणून तो डोंगर उतरून भाच्याकडे आला होता. खमीर आणि हंडा, दोन्ही हालवरला द्यायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. मात्र खोऱ्यातला रिवाज होता: खमीर मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही आणि न मागणाऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. हालवर मागेल, याबद्दल त्याला शंका नव्हती. पाठवलेल्या बिअरबद्दल दर आठवड्याला फोनवर तोच सांगायचा, "मामा, अर्धं पिंप संपलं. लोक ग्लास खाली ठेवत नाहीत."

दोघे तळघरात उतरले. उन्हाळ्यात टोरलैवने पाठवलेलं स्टीलचं पिंप भिंतीला टेकून उभं होतं.

"किती उरलीय?"

"पाव असेल. रविवारी पाहुण्यांसाठी मेंढ्यांची मुंडकी शिजवतोय, तेव्हा तीही उडेल."

"नक्की पाव?"

"मामा, तुम्ही काय पोलिसात होता?"

"तुझी आई म्हणायची, हालवरच्या पावावर विश्वास ठेवू नये. किटली आण, उकळती."

"कॉफी वर घेऊ की!"

"आण तर खरं. पुढची किती करायची ते ठरवायला नको?"

हालवरने रेंगाळत किटली आणली. टोरलैवने गरम पाणी पिंपाच्या कडेने वरपासून खालपर्यंत सोडलं आणि मागोमाग तळवा फिरवला. आत बिअर नसते तिथला पत्रा लगेच तापतो. बिअर असते तिथे तो गारच राहतो. कडेपासून बोटभर खाली त्याचा तळवा गार पडला. आपलंच चुकलं असेल म्हणून त्याने दुसऱ्या बाजूने पाणी सोडलं. तिथेही तेच.

"भरलेलं आहे," तो म्हणाला.

"अहो, ही काय मोजायची पद्धत झाली?"

"हालवर."

हालवरने किटली खाली ठेवली. "पाहुण्यांना दुकानातली हलकी लागते, मामा. तुमची जड पडते. रूना म्हणाली, उगाच म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं."

"म्हणून नवरा-बायको मिळून मला फोनवर घोट घोट मोजून सांगत होतात?"

"तुम्ही खूश व्हायचात."

"आणि ईस्टरचं पिंप? ते तर रिकामं परत आलं. धुतलेलं."

हालवरची नजर कोपऱ्यातल्या मोरीच्या जाळीकडे गेली आणि लगेच परतली.

ते रिकामं पिंप पाहून टोरलैवने जवाचं एक पोतं जास्तीचं भिजत घातलं होतं. खमीर टाकताना ओरडायचं असतं, म्हणजे बिअर कडक उतरते. त्या दिवशी तो एवढ्या जोरात ओरडला होता की शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली होती.

फळीवरचा ग्लास घेऊन त्याने तोटी उघडली. बिअर नासली असती तर बरं झालं असतं. पण ती नितळ होती, संत्र्याच्या सालीसारखा वास होता, आणि चव जशी हवी तशीच.

"चांगली झालीय."

"वाईट आहे असं कुणी म्हटलं?"

"तू कधी प्यायलास?"

हालवर जाळीकडे बघत राहिला.

टोरलैवचा हात कोटाच्या आत गेला. पंच्याची गाठ बोटांना लागली. अजूनही हालवरने खमीर नुसतं मागितलं असतं, तरी त्याला नाही म्हणता आलं नसतं. तो थांबला. ग्लास संपेपर्यंत थांबला.

"पिंप तुमच्या गाडीत ठेवून देऊ का?" हालवर म्हणाला. "तुमच्या खांद्याला नको."

"ठेव."

हालवरने वाकून पिंपाला मिठी घातली आणि पहिल्याच पायरीवर तो धापा टाकायला लागला.

"बापरे, काय जड आहे हो!"

टोरलैवने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि त्याच्यासाठी दार धरून उभा राहिला.