फेसाचा सिलिंडर आणि पूजेचा लाल रंग

मी एक जुना सिलिंडर आहे, मित्रांनो. स्वयंपाकाच्या गॅसचा नव्हे, आग विझवणारा. पोटात आता काही उरलेलं नाही. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यामागे भंगाराच्या फाटकाला टेकण म्हणून उभा असतो. फाटक वाऱ्यानं आपटू नये, एवढंच माझं काम. म्हणून सांगायला वेळ आहे.

माझा जन्म पत्र्याचा. कापला, वाकवला, जोडला, दाब देऊन तपासला आणि मग पोटात नऊ लिटर पाणी भरलं. नुसतं पाणी नाही, त्यात फेस करणारं औषध मिसळलेलं. पोटावर एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘फेस. तेलाच्या आगीसाठी.’ बाळाच्या हाताला दवाखान्यात नावाची पट्टी बांधतात ना, तशी. ती हरवली तर बाळ कुणाचं, हे कसं कळायचं?

कारखान्यात मला धुलाईच्या खोलीत टांगलं. तिथं लोखंडाचे सुटे भाग उघड्या ट्रेमध्ये टर्पेंटाइननं, म्हणजे रंग पातळ करायच्या तेलानं, धुतले जायचे. टर्पेंटाइन पेटायला ठिणगी पुरते. कचेरीबाहेर माझ्यासारखाच दिसणारा दुसरा सिलिंडर होता. त्याच्या पोटात साधं पाणी. कागद, लाकूड पेटलं तर त्यानं धावायचं, तेल पेटलं तर मी. आमच्यात भांडण नव्हतं. फक्त जागा ज्याची त्याला हवी.

धुलाईच्या खोलीत सुदर्शन काम करायचा. बिडकीनचा, तिशीचा. त्याची बायको पहाटेच्या पाळीला जायची, म्हणून मुलीच्या, प्रेरणाच्या, दोन वेण्या रोज तोच घालायचा. एखाद्या दिवशी रिबन त्याच्या खिशात राहायची आणि दिवसभर तो हळहळायचा, “आज एकच बांधली रे. पोरगी रुसली असंल.”

झाडायला चतुराबाई यायची. तिच्या माहेरी मेंढरं होती, लग्न झालं आणि हातात झाडू आला. ती मला रोज पदरानं पुसायची. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, “सुदर्शन, ह्यो कशाला टांगलाय रं? पाणी तर नळाला बी हाय.”

“मावशी, तेलाच्या आगीवर पाणी नाय मारायचं. पाणी खाली बसतं, तेल वर तरंगतं आणि जळत जळत सगळीकडं पळतं. ह्याचा फेस तेलावर साय धरतो. सायीखाली हवा नाय, हवा नाय तर आग नाय.”

“दुधावर धरते तशी?”

“तशीच. पण जोरात मारायचं नाय, ट्रेच्या पलीकडच्या काठावर मारायचं. मग हळूच पसरतो. आधी ही पिन ओढायची, मग दांडा दाबायचा.”

“सायीवाला म्हण की!” ती हसली. “मी ह्याला सायबाच म्हणणार.”

झालं, कारखान्यातल्या बायकांना विषय मिळाला. “चतुरे, तुझा सायबा वाट बघतोय, जा पुसून ये!” ती म्हणायची, “बघू द्या की. घरचा तर बघत बी नाय.” मित्रांनो, खोटं कशाला सांगू, माझे ते दिवस फार सुखाचे होते. पेटलं काहीच नव्हतं, तरी कुणीतरी मला नावानं ओळखत होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची, हत्यारांची पूजा होते. मालक येणार होते, म्हणून व्यवस्थापक विश्वजीत साहेबांनी आदल्या दिवशी फर्मान काढलं, “सगळे फायर सिलिंडर एका रांगेत आणा आणि लाल मारून घ्या. फोटोत चमकले पाहिजेत.”

आम्हाला काढून दारात उभं केलं. फवाऱ्यानं रंग मारला. अंगावर, मानेवर, पिनेवर आणि चिठ्ठीवरसुद्धा. माझं नाव रंगाखाली गेलं. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या, नारळ फुटला. मालक म्हणाले, “वा, नव्यासारखे दिसतात!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि पेढे खाऊन झाल्यावर ज्याच्या हाताला जो आला तो त्यानं दिसेल त्या खुंटीला अडकवला. मी गेलो कचेरीबाहेर, हजेरीच्या यंत्राशेजारी. पाण्याचा सिलिंडर गेला टर्पेंटाइनजवळ.

ओळखलं एकटीनं. दुसऱ्या दिवशी चतुराबाई धुलाईच्या खोलीत पदर हातात धरून थांबली. “सुदर्शन, ह्यो आपला नाय. आपल्याच्या बुडाला पोचा हाय. आपला तिकडं कचेरीपाशी गेलाय.”

“मावशी, सगळे सारखेच दिसतात.”

“शंभर मेंढरांत आपलं कोकरू काढून देत व्हते मी. मला सारखं सांगतो व्हय?”

सुदर्शन साहेबांकडे गेला. म्हणाला, “साहेब, सिलिंडरची अदलाबदल झालीय बहुतेक.”

“बहुतेक? कुणी सांगितलं?”

“चतुरामावशी म्हणती.”

कचेरी हसली. साहेब म्हणाले, “चला, आता झाडूवाली आपल्याला फायर सेफ्टी शिकवणार! अरे, लाल ते लाल. तपासणीला येतील तेव्हा बघू.”

सुदर्शनचे कान तापले. बाहेर येऊन तो तिच्यावरच उखडला. “कामून माझं हसं केलंस मावशी? तू आपली झाडत जा.” ती झाडू उचलून निघाली. एकदा तिनं स्वतःच मला खुंटीवरून काढलं, तर पहारेकरी कडुबा ओरडला, “ओ बाई, पुजलेलं हाय ते! कुठं न्यायलीस?” तिनं मला परत अडकवलं. माझ्या बुडावरून एकदा हात फिरवला आणि गेली.

पौषात एका दुपारी धुलाईच्या खोलीचं दार दुरुस्त करत होते. लोखंड घासताना ठिणगी उडाली आणि ट्रेमध्ये पडली.

सुदर्शन पळाला नाही. त्यानं खुंटीवरचा सिलिंडर ओढला, सगळं बरोबर केलं. काठावर मारलं, हळूच मारलं. पण आलं ते पाणी. ट्रे भरून वाहिला, जळतं तेल जमिनीवर उतरलं आणि त्याच्या हातांवर उडालं. मी पन्नास पावलांवर होतो, मित्रांनो. काठोकाठ भरलेला. मला त्याचं ओरडणं ऐकू येत होतं आणि मला पाय नव्हते.

चतुराबाई आली. मला कडेवर घेतलं, मूल घेतात तसं. रंगानं पिन चिकटली होती. तिनं ओढली, निघेना. पिरगाळली, तिचं नख मोडलं, तेव्हा निघाली. मग ती दारात उभी राहिली आणि मी नऊच्या नऊ लिटर तिच्या हातून बाहेर पडलो. फेस पसरला, ज्वाळा बसल्या. जन्मात एकदाच मी माझं काम केलं, आणि तेही उशिरा.

सुदर्शन वाचला. बोटं आखडली. प्रेरणाचे केस आता शेजारीण विंचरते, असं कडुबा एकदा कुणाला तरी सांगत होता.

चौकशीच्या कागदावर लिहिलं, ‘कामगाराने चुकीचे उपकरण वापरले.’ चतुराबाईला बोलावून साहेबांनी विचारलं, “तुम्ही तिथं कशाला गेलात? तुमचं काम झाडायचं.”

ती म्हणाली, “सायेब, तुमचं काम काय व्हतं?”

महिना संपायच्या आत तिला दुसऱ्या कारखान्यात धाडलं. मला पुन्हा भरलं असतं तर मी अजून दहा वर्षं उभा राहिलो असतो. पण भरायच्या भानगडीत पडतो कोण? नवे आणले, मला इथं टेकवलं. यंदाच्या खंडेनवमीला त्या नव्यांनाही दारात ओळीनं उभं केलेलं मी फाटकातून पाहिलं. फवारा तयार होता.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. तुमच्या शाळेच्या जिन्याजवळ, दवाखान्यात, मंगल कार्यालयात असा एखादा लाल सिलिंडर असेल. त्याला हात लावू नका, पण त्याची चिठ्ठी वाचा. वाचता आली नाही, तर मोठ्या माणसाला विचारा, हा कोणत्या आगीचा? भरलेला आहे का? शेवटी कधी तपासला? ते हसतील. “तुला काय करायचंय” म्हणतील. तुमचे कान तापतील. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन विचारा.