पडद्यावर एकच अक्षर

काळ्या पडद्यावर एक पांढरं अक्षर, आणि त्यापुढे काहीच नाही – ती कीबोर्डच्या कळा दाबतेय, आधी बोटाने, मग रागाने, पण अक्षर आपलं एकटंच, आदल्या दिवशीच येऊन पोचलेल्या पाहुण्यासारखं अवघडून उभं.

वर्गातल्या मुलांना शिकवायला तिने ही चिमुकली ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतलेली. उठायचं तर शहाण्यासारखी उठते : यंत्र जागं होतं, डिस्कचा पहिला तुकडा उचलतं, तो तुकडा बाकीच्यांना हलवून जागं करतो, कुठल्या हाकेला कोणी धावायचं याचा तक्ता मांडला जातो, आणि मग दार उघडतं – या आता, आणा व्यत्यय. कळ दाबली की एक व्यत्यय, एक हाक; ती आली की हातातलं जिथल्या तिथे जपून ठेवायचं, धावायचं, परत येऊन त्याच ओळीवर बसायचं. यंत्राला जमतं. मला… मी परत येते तेव्हा ओळ तिथेच असते, मीच नसते.

कारण पलीकडच्या खोलीत अण्णा, आणि अण्णांच्या हातात घंटा. निवृत्त होणारे मुख्याध्यापक घड्याळ घेऊन घरी जातात; तिच्या वडिलांनी शाळेची घंटा मागून घेतली. कंबर मोडून पलंगाला खिळल्यापासून तीच त्यांची हाक. चष्म्यासाठी घंटा, खिडकीसाठी घंटा, आणि एकदा तर, ‘‘काही नाही, वाजते का बघत होतो.’’ सकाळी मात्र तिने बसल्या जागेवरूनच ओरडून सांगितलं होतं, ‘‘थांबा हो अण्णा! जरा जगू द्या!’’

आणि घंटा थांबली. किती छान शांतता… हवी होती तश्शी…

शांततेतच चूक सापडली. काम उरकलं की हाका पोचवणाऱ्या चिपला ‘झालं’ असं कळवावं लागतं. ती ओळच लिहायची राहिली होती. बिचारी चिप पहिली हाक देऊन अदबीने उभी – बाईंचं आटोपलं की पुढची देऊ… ती हसणार होती. पण जेवणवेळ केव्हाच टळलेली, आणि घंटा –

अण्णा जागेच होते. पाण्याचं भांडं हाताला लागणार नाही इतकं दूर. घंटा छातीवर, आणि आतला लोलक मुठीत घट्ट धरलेला, चुकून वाजू नये म्हणून.

‘‘वाजवली का नाहीत?’’

‘‘थांबा म्हणालात ना बाई. थांबलो.’’

‘‘अहो, पाणी तरी…’’

‘‘तुमचं झालं का?’’

‘‘झालं,’’ ती म्हणाली. तिने दिलेलं पाणी ते प्यायले, सगळं, एका दमात. मूठ मात्र सोडली नाही.

परत येऊन तिने ती ओळ लिहिली, यंत्र पुन्हा उठवलं. अक्षरं आली, दाबल्या तेवढ्या कळांची, ओळच्या ओळ. तिने हात उचलले. खुर्ची करकरू नये म्हणून अंग आवळून बसली… कान भिंतीकडे. आता वाजेल. वाजली की चिडायचं नाही. नाही, चिडेनच मी… पण वाजू दे.

पडद्यावर कर्सर लुकलुकत होता, आणि ती, हातात काहीही न घेता, थांबली होती.